निमूच्या खोलीतला जुना टॅब

पुण्याहून परत आले त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. काय काय पाहिलं, म्हणाल्या. बाग पाहिली का, देवदर्शन झालं का, साड्या आणल्या का. मी पुण्यात सहा दिवस होते. त्यातला बराचसा वेळ एका काचेसमोरच्या स्टीलच्या बाकावर गेला, आणि उरलेला एक लिंक उघडावी म्हणून शहरभर हिंडण्यात. हे त्यांना सांगत बसले असते तर चहा निवला असता. म्हणून इथे लिहिते.

मी वाशीमची. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे सांगण्यापेक्षा समजावण्याची सवय जास्त, आणि चुकीचं काही दिसलं की लाल पेन शोधायची खोड अजून गेलेली नाही. माझी धाकटी बहीण निर्मला, म्हणजे निमू, पुण्याच्या एका इस्पितळात होती. रक्ताचा आजार. हाडांमधली जुनी मज्जा औषधांनी मारून टाकतात, नवी भरतात आणि ती नवी धरेपर्यंत माणसाला काचेच्या खोलीत एकटं ठेवतात. आत नातेवाईक नाही, फूल नाही, पुस्तक नाही, घरचा फोन नाही. तोंडात फोड आलेले, त्यामुळे घास जाईना आणि बोलवेना. काचेशी एक रिसीव्हर आहे, त्यावरून बोलता येतं. तो तिने उचलणं सोडलं होतं. पंधराव्या दिवशी तिने नर्सच्या वहीत लिहून दिलं, 'बस झालं, घरी न्या.' डॉक्टर म्हणाले, औषध औषधाचं काम करतंय, पण पेशंटने हात टेकलेत. दोन-चार चमचे पेज तरी पोटात जायला हवी, आणि त्यासाठी तिला ती हवीशी वाटायला हवी.

तिचा नवरा दिगंबरराव गावी अडकलेला. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली आणि गोठ्यात दुभती म्हैस. निमूची मुलगी पल्लवी पुण्यात आयटीत नोकरीला, ती रोज इस्पितळात जाऊन काचेबाहेर बसायची. युक्ती पल्लवीचीच. निमूच्या पलंगाला एक टॅब जोडलेला असतो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रोज औषधाने पुसलेला. त्यात बाहेरचं काही घालता येत नाही, पण ब्राउझर आहे आणि इस्पितळाचं इंटरनेट आहे. तेव्हा आपण इंटरनेटवरच एक प्रेझेंटेशन बनवू, सगळ्यांचे फोटो आणि आवाज घालू, लिंक तेवढी आत देऊ.

आवाज गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते शिक्षिकेसारखं केलं. एकतीस पानं. कोणी काय बोलायचं ते मी स्वतः लिहून दिलं, शुद्ध मराठीत. आमच्याकडची माणसं फोनमध्ये बोलायला लागली की आधी ओरडतात, मग 'ऐकू येते काय?' विचारतात आणि मग रडतात; आजारी माणसाला ते कशाला? दिगंबररावांना दिलेलं वाक्य मला पाठ आहे: 'आम्ही सर्व इकडे कुशल आहोत. आपण मनाने खंबीर राहावे.' बायकोला उभ्या जन्मात 'आपण' न म्हटलेल्या माणसाला मी हे वाचायला लावलं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

विश्रांतवाडी

पल्लवी विश्रांतवाडीला तीन मैत्रिणींबरोबर राहते. आळंदी रस्त्यावरून आत वळलं की चार इमारती, त्यातल्या तिसरीत चौथा मजला. गच्चीवर चौघींचे कपडे आणि स्वयंपाकघरात एकच पोळपाट, तोही नवाकोरा. मी ज्वारीचं पीठ बरोबर नेलं होतं. भाकरी थापायला लागले तशा तिघी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. पहिली भाकरी उभ्याउभ्याच गेली, ठेच्याबरोबर. एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसरी मागितली.

जेवणानंतर पल्लवीने प्रेझेंटेशन दाखवलं. खरंच देखणं झालं होतं. पान उलटताना पाकळ्या पडायच्या, फोटो हळूच मोठा व्हायचा, अक्षरं वळणदार, आवाज आपोआप सुरू व्हायचा. लॅपटॉपवर बघताना मलाच भरून आलं. या मुलीने आईसाठी रात्रंदिवस खपून ते केलं होतं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात जयश्री सिस्टर ड्यूटीवर होत्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आत जाऊन टॅबवर लिंक टाकली. आम्ही काचेबाहेर. निमू पलंगावर, डोक्यावर एक केस नाही, चेहरा कागदासारखा. मला बघून तिने हात वर केला, अर्धाच. पडदा पांढरा झाला. पांढराच राहिला. मग इंग्रजीत दोन ओळी आल्या. सिस्टरांनी टॅब आमच्याकडे वळवला. हा ब्राउझर जुना आहे, नवा घ्या, असं काहीतरी लिहिलं होतं. निमूने थोडा वेळ वाट पाहिली आणि भिंतीकडे कूस वळवली.

'अपडेट करा ना,' पल्लवी बाहेर आलेल्या सिस्टरांना म्हणाली.

'अहो, होत असतं तर केलं नसतं का?' सिस्टर म्हणाल्या. 'या टॅबचं कंपनीनेच बंद केलंय. आहे तिथवरच चालणार. आपण त्याच्या मापाचं काहीतरी करा.'

त्या संध्याकाळी चौघी मुली कामाला लागल्या. 'मावशी, ॲनिमेशन काढते, लाइट करते, मग होईल लोड,' पल्लवी म्हणाली. पाकळ्या गेल्या, हळूच मोठं होणं गेलं. मग चौघींच्या चार फोनांवर तपासलं. गंमत अशी की चारींवर चार तऱ्हा. एकीचा फोन आडवा धरला तरच पान पुरं दिसे, एकीच्या महागड्या फोनवर वरची पट्टी काही केल्या हटेना, एकीच्या फोनवर आवाज येई पण चित्र उशिरा. पण चारही फोन दोन-तीन वर्षांतले. निमूचा टॅब त्यांच्या आजोबाच्या वयाचा, हे आम्हा पाच शहाण्या बायकांपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी पानं उघडली. मी हात जोडले. मग पाहिलं तर मराठी अक्षरं फुटलेली. काने एकीकडे, जोडाक्षरांचे तुकडे, मधे ठिपक्यांची वर्तुळं. 'निर्मला' हे नावसुद्धा धड नव्हतं. आणि आवाज एकाही पानात नाही. सिस्टर पानं उलटत होत्या, निमू बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी वर्गात पाहिलेलं आहे: फळ्यावरचं काहीच कळत नाही म्हणून स्वतःलाच दोष देणाऱ्या मुलाचा चेहरा. तिला वाटलं असणार, आता आपल्याला वाचताही येत नाही. पाचव्या पानाला तिने डोळे मिटले. त्या दिवशी तिने पेजेचा वाडगा हातानेच दूर सारला.

मी बाकावर बसले आणि पल्लवीवर चिडले. भलत्या वेळी, भलत्या माणसावर. ती उठली. कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन पाठमोरी उभी राहिली.

जयश्री सिस्टर ड्यूटी संपवून निघाल्या होत्या. आमच्यापाशी थांबल्या. 'माझी नणंद मार्केट यार्डात आहे, मंगल. रोजच्या भावांचं असंच काहीतरी करून लिंक पाठवते शेतकऱ्यांना. कसल्याकसल्या फोनवर उघडतं ते. तिच्याकडे हाच टॅब पडलाय. सकाळी अकरानंतर जा, आधी गेलात तर ती ओळख दाखवणार नाही.'

स्वारगेट, उलट दिशेने

पल्लवीला ऑफिस चुकवता येईना, म्हणून चौथ्या दिवशी मी एकटी निघाले. स्वारगेटला उतरले. नकाशा पाहून ठेवला होता, आणि भूगोलाच्या शिक्षिकेने रस्ता विचारायचा म्हणजे काय, म्हणून ताडताड चालू लागले. पंधरा मिनिटांनी एका बागेच्या कुंपणाशी आले. तिथे एक आजी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. मार्केट यार्ड कुठे, विचारलं.

'मार्केट यार्ड मागे राहिलं,' त्या म्हणाल्या. 'आपण बरोबर उलट चाललात. वेग मात्र चांगला आहे.'

आमच्याकडे असं विचारलं की माणूस हातातलं काम टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतो, वर 'कोनाकडे जाता?' म्हणून चार पिढ्यांची चौकशी करतो. पुण्यात उत्तर मिळतं, अचूक मिळतं आणि त्यातच आपला हिशेब चुकता होतो. बायकांनी विचारलेली बाग मी पाहिली ती एवढीच, बाहेरून.

मार्केट यार्ड

अकरा वाजून गेले होते. लिलाव आटोपले होते तरी ट्रकांची रांग हलत नव्हती. कांद्याच्या वासाने डोळे चुरचुरत होते आणि पाठीवर पोती घेतलेले हमाल कुणाला 'बाजूला' म्हणून थांबत नव्हते. आपण हललो नाही तर पोतं हलवतंच. अशा एका गाळ्याच्या माडीवर मंगलताई बसल्या होत्या. चाळिशी उलटलेल्या, चष्मा कपाळावर, समोर कॉम्प्युटर. आणि शेजारी जुन्या तराजूचं पितळी पारडं, त्यात सात फोन आणि एक टॅब. टॅब तोच. मी पाहताक्षणी ओळखला.

त्यांनी लिंक उघडून एकतीस पानं शांतपणे पाहिली.

'पेशंट आहेत ना त्या?' त्यांनी विचारलं.

'हो.'

'मला वाटलं परीक्षक आहेत. अहो बाई, लग्नाची पत्रिका केलीय तुम्ही. एका आजारी बाईने एकतीस पानं कशाला बघायची?'

मला राग आला. पण राग गिळण्याखेरीज काय करणार होते? मी म्हटलं, 'काय ठेवायचं ते तुम्ही सांगा.'

'मी कशी सांगणार? माणसं तुमची. नऊ ठेवा.'

मग त्या आपली रीत सांगत गेल्या, अधूनमधून फोन घेत, खालच्या माणसांवर ओरडत. भाव ठरले की त्या सगळ्या जिनसांची पानं बनवतात. ती पानं पारड्यातल्या सातही फोनांवर उघडून बघतात, त्यांतला सगळ्यात जुना सगळ्यात शेवटी. तरीही पाठवत नाहीत. खाली उतरून बबनदादा नावाच्या हमालाच्या फोनवर एकदा बघतात. त्याच्या फोनची काच तडकलेली, जागा भरलेली, इंटरनेट येऊन-जाऊन. तिथे दिसलं तरच लिंक गावोगाव जाते.

'तुम्ही नव्या फोनवर सुंदर दिसतं का ते बघितलंत,' त्या म्हणाल्या. 'मी जुन्यावर दिसतं का ते बघते. नव्यावर आपोआप दिसतं.'

त्यांनी अक्षरं लिहायचीच नाहीत असं ठरवलं. प्रत्येक पानावरचं मराठी आधी चांगल्या कॉम्प्युटरवर लिहून त्याचं चित्र करून टाकलं, म्हणजे टॅबला ते वाचावंच लागणार नाही, नुसतं दाखवायचं. फोटो लहान केले. आवाजाच्या मूळ फाइली, पल्लवीला फोनवर पासवर्ड विचारून, तिच्या खात्यातून उतरवून जुन्यापान्या यंत्रालाही कळेल अशा साध्या प्रकारात बदलल्या. नऊ पानं निवडताना मला घाम फुटला. काकांचं काढलं, शाळेचं काढलं, माझं स्वतःचं काढलं. चौथ्या पानावर दिगंबरराव, गोठ्यापुढे उभे. ते ठेवलं, नवरा म्हणून ठेवायलाच हवं म्हणून. फाइली ऐकून बघू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'माझ्याच देखरेखीखाली झाल्यात सगळ्या, काही चूक नसणार.'

एका गोष्टीसाठी मात्र मी हट्ट धरला. 'आवाज आपोआप लागू दे. तिच्याने हात उचलवत नाही.'

'नाही होणार. बोट लावल्याशिवाय ब्राउझर आवाज काढू देत नाही.'

'काहीतरी करा ना.'

'अहो, नियम आहे तो आणि चांगला आहे. नाहीतर माझे भाव भर एसटीत बोंबलत सुटतील. मी लाल गोळा करून देते, अर्ध्या पानाएवढा. बोट त्यावर कुठेही पडलं तरी चालेल. पण पडायला हवं.'

मला रडू आलं. पोत्यांच्या त्या माडीवर, अनोळखी बाईपुढे. मी म्हटलं, 'ती पेजेचा वाडगा लोटायला हात उचलते, बाकी कशाला नाही उचलत.'

मंगलताईंनी वाजणारा फोन कापला. मग म्हणाल्या, 'उचलतो म्हणजे उचलता येतो,' आणि खाली हाक मारून झुणका-भाकर मागवली. भाकरी बाजरीची होती, जाडसर, आमच्यापेक्षा वेगळी. झुणक्यात लसूण पुष्कळ. चार दिवसांत मी पहिल्यांदाच नीट जेवले.

बबनदादांच्या फोनवर नऊ पानं उघडायला वेळ लागला, पण उघडली. 'दिसतंय की ताई,' ते म्हणाले. 'अक्षार बी झ्याक हाय.' निघताना मंगलताईंनी मोजणीचं पान दाखवलं. कोणतं पान किती वेळा उघडलं ते तिथे दिसतं. 'पण घरच्यांना सांगा, उगाच उघडत बसू नका. तुमचं उघडणंही त्यातच मोजलं जातं. मग मला कळत नाही भाव शेतकऱ्याने बघितला की घरच्यांनी.' पैशांचं विचारलं तर चष्मा डोळ्यांवर घेऊन कामाला लागल्या.

काचेसमोर

पाचव्या दिवशी सकाळी जयश्री सिस्टरांनी लिंक टाकली. पल्लवी आणि मी बाकावरून उठून काचेला नाक लावून उभ्या. पहिलं पान आलं. 'निर्मला', सबंध, न फुटता. निमूने ते वाचलं हे तिच्या ओठांवरून कळलं. खाली मोठा लाल गोळा. ती नुसती बघत राहिली. सिस्टरांनी खुणेने सांगितलं, बोट लावा. निमूने मान हलवली, नाही. सिस्टर स्वतः लावायला गेल्या तर मी काचेवर हात आपटला. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही. सिस्टर मागे सरल्या. पान उलटलं, दुसरं. तिसरं. तिन्ही मुकी गेली. मग चौथं, दिगंबरराव गोठ्यापुढे.

निमूने त्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग सुया टोचलेला तो हात चादरीवरून उठला, हवेत थोडा हलला आणि गोळ्यावर पडला.

मी मनात मोजत होते. मी लिहून दिलेलं वाक्य सहा सेकंदांचं. सहा झाले. दहा झाले. निमू अजून ऐकत होती. तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती आठी गेली. मला वाटलं टॅब पुन्हा अडकला. पल्लवी म्हणाली, 'मावशी, काहीतरी एरर आहे, एवढं लांब नाहीये ते.' आणि मग निमूचे खांदे हलायला लागले. मी पल्लवीचा हात घट्ट धरला. ती रडतेय असं वाटलं. तिने दुसरा हात फोड आलेल्या तोंडावर दाबला, आणि तेव्हा कळलं की ती हसतेय. दुखत होतं म्हणून तोंड दाबून हसत होती. संपल्यावर तिने पुन्हा गोळ्यावर बोट ठेवलं.

जयश्री सिस्टर बाहेर आल्या त्या चेहरा पाडून नव्हे तर कोड्यात पडून. 'अहो, ते म्हशीशी काय बोलतायत?' त्यांनी विचारलं.

मग उलगडा झाला. ते बोलणं शेजारच्या मास्तरांच्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. मास्तर लाल बटण दाबून फोन गोठ्यात ठेवून निघून गेले होते. दिगंबररावांना वाटलं, अजून सुरू व्हायचंय. धारेची वेळ झालेली, म्हणून ते आधी म्हशीखाली बसले. माझं वाक्य त्यांनी वाचलं ते सगळ्यात शेवटी. पल्लवीने तेवढा शेवट ठेवून बाकी न ऐकताच कापलं होतं. पण ते कापणं त्या सुंदर प्रेझेंटेशनपुरतं होतं. मूळ फाइल तशीच शाबूत राहते, आणि मंगलताईंनी घेतली ती मूळ. पल्लवीच्या फोनमध्ये ती होती. बाकावर बसून आम्ही दोघींनी ऐकली.

आमच्याकडे म्हैस एकाच हाताला सवकलेली असते. तिची बाई नसली तर ती पान्हा चोरते, दूध देत नाही. मग गडीमाणूस त्या बाईचं पातळ अंगावर घेऊन धारेला बसतो, वासाने म्हैस फसते. कोणी बघू नये म्हणून दार लावून घेतात. आधी दाराचा आवाज आला. मग दिगंबरराव, हळू आवाजात:

'हो वं मैना, हो. कायले मांगं पायतं? पातळ त तिचंच हाय ना. निमी येते आता. येईन ते. तोवर मले समजून घे वं माय.' मग बराच वेळ काही नाही. मग बादलीत पहिली धार वाजली आणि ते म्हणाले, 'आलं. पाय निमे, आलं.'

त्यानंतर दूध भरत जाण्याचा आवाज आणि सगळ्यात शेवटी, शाळेत कविता म्हणावी तसं, माझं वाक्य. ते ऐकताना मला इतकी लाज वाटली की मी पल्लवीला फोन बंद करायला सांगितलं. मी लोकांना शुद्ध बोलायला लावण्यात आयुष्य घालवलं. त्या खोलीत जायला लायक असं एकच बोलणं होतं, आणि ते माझ्या देखरेखीतून निसटून आत पोहोचलं.

पल्लवीची माफी मी तिथेच मागितली. ती म्हणाली, 'मावशी, चिल,' आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडली.

दुपारी निमूने चार चमचे पेज घेतली. आणि काचेशी टांगलेला रिसीव्हर उचलून, फुटक्या आवाजात, मला एकच गोष्ट विचारली. 'कोनतं पातळ घेतलं वं त्याईनं? निळं?'

वाशीम

परत येऊन आता तीन आठवडे झाले. निमू अजून त्याच खोलीत आहे. नवी मज्जा धरतेय असं डॉक्टर म्हणतात, नक्की धरली असं म्हणत नाहीत. बरी होऊन येईल असं मी लिहिणार नाही, कारण मला ते माहीत नाही.

रोज पहाटे उठले की मी मोजणीचं पान बघते. लिंक उघडत नाही. चौथं पान पुन्हा ऐकावं असं फार वाटतं, पण मी उघडलं तर माझा आकडा तिच्या आकड्यात मिसळेल. निमू पहाटे डोळे उघडले की आधी चौथं पान लावते; त्यापुढचा आकडा कालच्यापेक्षा वाढला असला की तिने सकाळ पाहिली. इस्पितळाचा फोन त्यानंतर तासा-दोन तासांनी येतो.

मधे तिला ताप भरला होता. तीन दिवस आकडा हलला नाही. दिगंबरराव धारेला जायच्या आधी माझ्या दारात येतात, त्यांचं घर चार घरं सोडून आहे. तिन्ही दिवस आले, उंबऱ्यापाशी उभे राहिले, माझ्या चेहऱ्याकडे बघून परत गेले. चौथ्या दिवशी आकडा एकाने वाढला. मी सांगितलं. ते पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

आपल्या पानात काय आहे हे त्यांना ठाऊक नाही. आम्ही सांगितलेलं नाही. परवा म्हणाले, 'ताई, मले एकदा दाखवा ना, मी काय बोललो त्यात. मले त वाचताना घामच आला होता.'

'नाही,' मी म्हटलं. 'आकडा बिघडतो.'

'हे बी बरोबर हाय,' ते म्हणाले.

आज सकाळी आकडा अठ्ठेचाळीस होता. काल सत्तेचाळीस. मी तसं सांगितलं. दिगंबरराव 'बरं' म्हणाले आणि बादली उचलून गोठ्याकडे वळले. खांद्यावरच्या टॉवेलाखालून निळ्या पातळाचा काठ बाहेर आला होता. मी आत जाऊन चूल पेटवायला बसले.